तीन दिवसांची सुई

११ जानेवारी १९२२. टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. इन्सुलिनची गोष्ट सांगताना हा प्रसंग हमखास येतो. त्यातला एक तपशील मात्र बहुतेक वेळा गाळला जातो. त्या इंजेक्शनने साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. डॉक्टरांनी पुढची इंजेक्शनं थांबवली. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत अर्कातली घाण वेगळी काढली. २३ जानेवारीला तो शुद्ध अर्क पुन्हा टोचला आणि या वेळी मुलगा सुधारू लागला.

म्हणजे इन्सुलिनच्या वाटेतला अगदी पहिला अडथळा त्वचेचा होता. लेनर्डचं गळू जंतूंमुळे नव्हे, अर्कातल्या अशुद्ध द्रव्यांमुळे झालं होतं. आज इन्सुलिन अत्यंत शुद्ध मिळतं, तरी पंप लावलेल्या मुलाच्या आईवडिलांची नजर रोज त्याच जागेवर जाते. आता भीती असते ती जंतूंची.

या जंतूंची ओळख इन्सुलिनच्या आधीची. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८०च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतू दिसले. त्यांना त्यांनी 'स्टॅफिलोकोकस' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. हा जंतू बाहेरून चाल करून येतोच असं नाही. कित्येक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर तो गुपचूप राहत असतो. त्याला हवी असते फक्त आत शिरायला वाट.

इंजेक्शनची सुई ही वाट उघडते, पण क्षणभरच. पूर्वी काचेची सिरिंज आणि सुई घरी उकळून पुन्हा पुन्हा वापरत, तेव्हाही सुई टोचली की लगेच बाहेर निघायची. पंपाने हे गणित बदललं. लंडनमध्ये जॉन पिकअप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये छोट्या पंपातून त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या विल्यम टॅम्बोरलेन यांच्या गटाने लहान वयात मधुमेह झालेल्या रुग्णांची साखर अशाच पंपाने जवळजवळ सामान्य पातळीवर आणून दाखवली. दिवसातून अनेकदा टोचणं गेलं, त्याऐवजी एक सुई अंगातच मुक्कामाला राहू लागली.

मुक्कामाला राहिलेली वस्तू किती फरक पाडते? याचं उत्तर पंप येण्याआधीच मिळालेलं होतं. १९५७मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत मोजून स्टॅफिलोकोकस टोचले. पू होण्यासाठी काही दशलक्ष जंतू लागले. मात्र तिथे टाक्याचा रेशमी धागा असला, तर काहीशे जंतूही पुरले. धाग्याने जंतू वाढवले नव्हते, शरीराची बाजू लंगडी केली होती. परक्या वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेल्या जंतूंपर्यंत पांढऱ्या पेशींना नीट पोहोचता येत नाही. पंपाची कॅन्युला, मग ती पोलादी सुई असो की मऊ टेफ्लॉनची नळी, या अर्थाने तो धागाच आहे.

हे समजलं की पंपासोबतच्या सूचना नुसत्या शिस्तीच्या वाटत नाहीत. साबणाने हात धुवायचे, कारण जंतू बहुधा आपल्याच बोटांवरून जातात. स्पिरिटच्या पट्टीने जागा पुसायची आणि ती आपोआप वाळू द्यायची. फुंकर मारायची नाही, फुंकरीतून तोंडातले जंतू तिथेच जातात. टेफ्लॉनची नळी दोन-तीन दिवसांनी बदलायची, पोलादी सुई बहुधा त्याहून लवकर. अलीकडे सात दिवस चालणारे संचही निघाले आहेत; आपल्या संचाची मुदत किती, हे त्याच्या वेष्टनावर पाहायचं. दर वेळी जागाही बदलायची: पोट, नितंब, मांडी. लहान मुलांच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे जागाही मोजक्या, आणि 'नेहमीची जागा दुखत नाही' म्हणून मूल तीच पुढे करतं. पण एकाच जागी टोचत राहिलं तर तिथली कातडी जाड होते, गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

आणखी एक गंमत. १८६५मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाची जखम कार्बोलिक आम्लाने जपली आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं. कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. तेच किंवा त्याचं भावंड मेटाक्रेसॉल आज इन्सुलिनच्या कुपीत असतं, कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून. पण ते त्या कुपीतल्या औषधाचं रक्षण करतं, भोवतालच्या कातडीचं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यंत्राला काय कळतं आणि काय कळत नाही याकडे आधी लक्ष जातं. नळी तुंबली की पंप ओरडतो, इन्सुलिन संपलं की ओरडतो, बॅटरी उतरली की ओरडतो. कातडी लाल झाली की मात्र गप्प बसतो, कारण ते कळायला त्याच्याकडे काही नाही. सुईभोवती लाली, ऊब, सूज, कडकपणा, दुखणं, पू, किंवा कारण नसताना चढलेली साखर, ही लक्षणं माणसालाच टिपावी लागतात. यातलं काही दिसलं तर तो संच काढून दुसऱ्या जागी नवा लावायचा. जुनी जागा दाबून पू काढायचा नाही. लाली पसरत असेल, पू असेल किंवा ताप असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचं. संसर्गाने साखर वाढते, आणि इन्सुलिन आत जात नसेल तर पंपावरच्या मुलाच्या रक्तात काही तासांतच कीटोन साचू शकतात.

म्हणून संच शक्यतो दिवसा बदलावा, झोपायच्या तोंडावर नको. नवी जागा नीट चालते आहे ना, हे मूल जागं असतानाच कळलेलं बरं. अंघोळीच्या वेळी चिकटपट्टीभोवती एकदा बोट फिरवायला अर्धा मिनिटही लागत नाही.