सर्वसाधारण रहिवास (भारतीय कायदा)

सर्वसाधारण रहिवास ही भारतीय निवडणूक कायद्यातील संकल्पना आहे. मतदाराचे नाव कोणत्या मतदारसंघाच्या यादीत असावे, हे तिच्या आधारे ठरते. दोन राज्यांत घरे असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तिला विशेष महत्त्व आहे. सर्व प्रयोजनांसाठी एकच 'मुख्य घर' ठरवणारा कायदा भारतात नाही. प्रत्येक कायदा हा प्रश्न आपल्यापुरता सोडवतो.

== मतदार नोंदणी ==
लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे म्हणून कोणी त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. तसेच तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे रहिवास संपत नाही. कलम १७ नुसार एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदवता येत नाही. नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

रहिवासाचा निर्णय मतदार नोंदणी अधिकारी सर्व वस्तुस्थिती पाहून घेतो. त्याविरुद्ध प्रथम जिल्हा दंडाधिकारी आणि नंतर मुख्य निवडणूक अधिकारी यांच्याकडे अपील करता येते. स्थलांतरानंतर नोंद बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो.

== सीमाभागातील उदाहरण ==
कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव महाराष्ट्रात आहे, तर बेळगाव जिल्ह्यातील निपाणी १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून कर्नाटकात (तत्कालीन म्हैसूर राज्यात) आहे. समजा, एखाद्या कुटुंबाचे वडिलोपार्जित घर पेठ वडगावात असून ते व्यवसायानिमित्त निपाणीतील स्वतःच्या घरात कायम राहते. अशा वेळी वडगावातील घराची घरपट्टी भरल्याने तेथील मतदानाचा हक्क टिकत नाही. प्रत्यक्ष वास्तव्य निर्णायक ठरते. घराची मालकी मात्र त्यामुळे बाधित होत नाही.

== अन्य कायदे ==
* '''अधिवास:''' प्रदीप जैन खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने भारतात 'भारताचा अधिवास' हा एकच अधिवास असल्याचे म्हटले. राज्ये देत असलेले अधिवास प्रमाणपत्र व्यवहारात दीर्घ वास्तव्याचा पुरावा असते. महाराष्ट्रात त्यासाठी सामान्यतः १५ वर्षांचे वास्तव्य लागते.
* '''वाहन:''' मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.
* '''प्राप्तिकर:''' हा केंद्रीय कर असल्याने घर कोणत्या राज्यात आहे यावर त्याचा दर ठरत नाही. आर्थिक वर्ष २०१९-२० पासून स्वतःच्या वापरातील दोन घरांचे वार्षिक मूल्य शून्य धरता येते. याउलट अमेरिकेतील अनेक राज्ये स्वतंत्र प्राप्तिकर आकारतात. त्यामुळे तेथे दोन राज्यांत घरे असणाऱ्यांना वास्तव्याच्या दिवसांची मोजदाद ठेवावी लागते.