पिवळ्या गोळीचे माहेर

तुरीच्या दाण्याएवढी, फिकट पिवळी, अडीच मिलिग्रॅमची गोळी. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाच्या घरी, सुरुवातीचे कडक उपचार आटोपले की, ही पट्टी आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी बाहेर निघते. मूल लहान असले तरी एका वेळी चार-पाच गोळ्या मोजाव्या लागतात. ना सुई, ना सलाईन, ना खाट. पेलाभर पाणी पुरते. कागदावर नाव असते मेथोट्रेक्सेट. घरातले लोक म्हणतात, गोळ्यांची किमो.

या गोळीचे कूळ शोधत गेलेला माणूस अमेरिकेतल्या प्रयोगशाळा फिरून शेवटी परळला येऊन थांबतो. तिथे मात्र कर्करोगाचे नावही नसते. प्रश्न असतो गरोदर बाईच्या ताटात काय आहे, हा.

1928 साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची चौकशी सुरू होती आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्या चौकशीचे काम चाले. गरोदरपणात काही बायकांचे रक्त भयंकर उतरत होते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मात्र फुगलेल्या दिसत. विल्स यांनी एस. एन. तळपदे यांच्यासोबत मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान पाहिले. ज्यांच्या जेवणात भाजी, फळे, दूध क्वचितच येई, अशा गरीब घरांत हा आजार जास्त होता. मग तोच आहार प्राण्यांना देऊन पाहिला. उंदरांनी घोळ घातला, कारण त्यांच्या अंगावरच्या उवांमुळे वेगळाच संसर्ग होऊन रक्त कमी होत होते. माकडांनी मात्र नीट उत्तर दिले. निकृष्ट आहारावर त्यांनाही तोच आजार झाला.

औषध सापडले ते मार्माइटमध्ये. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा हा काळपट, चिकट, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खात. तो स्वस्त होता, आणि तो दिल्यावर बायकांचे रक्त झपाट्याने भरून आले. विल्स यांनी 1931 साली हे प्रसिद्ध केले. अर्कातला नेमका घटक अजून हाती लागला नव्हता, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ हेच नाव पडले.

1941 साली टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालक पिळून एक पदार्थ वेगळा केला. पानातून आला म्हणून लॅटिनमधल्या ‘फोलियम’वरून त्याचे नाव ठेवले फॉलिक ॲसिड. विल्स यांचा घटक तो हाच.

ते प्रयोगशाळेत बनवण्याचे काम न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीत 1945 साली फत्ते झाले. तिथल्या संशोधनाची धुरा यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. आंध्रातल्या भीमावरमचा हा मुलगा मद्रासला डॉक्टर झाला आणि पुढे हार्वर्डला गेला. संग्रहणीने त्यांच्या घरात मृत्यू आणला होता, आणि फॉलिक ॲसिड त्याच रोगावर गुणकारी ठरले. पण त्यांचा गट तिथे थांबला नाही. फॉलिक ॲसिडच्या रेणूतला एखादा तुकडा बदलून हुबेहूब दिसणारे पदार्थ त्यांनी तयार केले. पेशी ते फॉलिक ॲसिड समजून आत घेते. डीएनए घडवण्यासाठी लागणारे विकर त्याला चिकटते आणि सुटत नाही. ज्या पेशी सर्वांत वेगाने वाढतात, त्या सर्वांत आधी अडतात.

बॉस्टनला सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाने मरणारी मुले पाहत होते. फॉलिक ॲसिडचेच काम करणारे पदार्थ दिल्यावर रोग उलट जोर धरतो, असे त्यांना दिसले. मग अडवणारा पदार्थ का देऊ नये? डिसेंबर 1947 मध्ये त्यांनी सुब्बाराव यांच्या गटाने पाठवलेले अमिनोप्टेरिन टोचायला सुरुवात केली. जून 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात 16 मुलांची हकीकत आहे. त्यांतल्या 10 जणांना उतार पडला. उतार तात्पुरता होता, पण त्याआधी या रोगात औषधाने एवढेही कोणी साधले नव्हते. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव झोपेतच गेले. वय 53.

अमिनोप्टेरिनचेच थोडे सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. 1956 साली मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी त्याने वारेपासून होणारा कर्करोग हटवला. हा रोग तरुण बायकांच्या फुप्फुसांपर्यंत पसरून जीव घेई. औषधाने पूर्ण बरी झालेली कर्करोगाची पहिली घट्ट गाठ ती हीच. गरोदर बाईच्या दुखण्यातून निघालेला धागा पुन्हा गर्भारपणातल्याच रोगाला येऊन भिडला, आणि या कुळकथेतला सर्वांत विलक्षण योग हाच आहे. 1953 साली गर्ट्रूड एलियन यांचे मर्कॅप्टोप्युरिनही गोळीच्या रूपात आले होते. आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दोन्ही गोळ्या बरोबर चालतात: मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्याला, सुमारे दोन वर्षे.

गोळीची वाट पुन्हा परळलाही येते. हाफकिनपासून कर्करोगाचे टाटा रुग्णालय चालत जाण्याइतके जवळ. तिथल्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या, हाताबाहेर गेलेल्या कर्करोगाच्या 422 रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन, निम्म्यांना आठवड्याला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि रोज सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. शिरेतल्या औषधावर आयुष्याचा मध्यक 6.1 महिने निघाला, गोळ्यांवर 7.5, तीव्र दुष्परिणामही गोळ्यांवर कमी झाले. फरक काही आठवड्यांचाच आहे. पण तंबाखूने तोंड पोखरलेला गावाकडचा माणूस ते आठवडे आपल्या घरात, आपल्या माणसांत काढू शकतो, ही गोष्ट लहान नाही.

मात्र गोळी आहे म्हणून ती सौम्य नाही. हीच गोळी संधिवातालाही देतात, तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जातो. घरात ही गोळी येत असेल तर डॉक्टरांना वार विचारा, तो मराठीत, ठळक अक्षरांत पाकिटावर लिहून घ्या, आणि घरातल्या आणखी एकाला तरी तो सांगून ठेवा.