तबकडी गेली, गाणं उरलं



या मालिकेत आपण बहुतेक वेळा रणांगणावर असतो. आज मी तुम्हाला कोलकात्याला नेणार आहे, दमदमच्या जेसोर रोडवर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी बदली तिकडे झाली होती. विमानतळाकडे जाताना ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे आपल्या एचएमव्हीची वास्तू लागायची. इंदूरला आमच्या घरी वडिलांनी जपलेल्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला तो कुत्रा असायचा. त्यामुळे मी ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगायचो. आजची गोष्ट याच कंपनीची.

सुरुवात 1902 ची. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कुणाचा आवाज आहे हे कळायला हवं ना! 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला, पुढे दमदमला. तबकडी बनायची लाखेपासून आणि लाख तर आपल्याच देशाची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. नंतर एलपी आली. अनेक दशकं या कंपनीला आपल्याकडे तोडीचा स्पर्धक नव्हता.

पहिला तडाखा बसला कॅसेटचा. परदेशातून येणाऱ्या माणसांनी टू-इन-वन आणले, आम्ही फौजी कॅन्टीनमधून घेतले. मागणी झपाट्यानं वाढली, पण कंपनीचा पुरवठा तोकडा पडला. ती पोकळी आधी नकली कॅसेटवाल्यांनी भरली. मग दिल्लीचे गुलशन कुमार आले. त्यांनी स्वस्त कॅसेट पानाच्या ठेल्यापर्यंत पोहोचवल्या. कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली. मूळ आवाज एचएमव्हीकडे होते, पण गिऱ्हाईक दुसऱ्याच दुकानात उभं होतं. कॅसेट काही डिजिटल नव्हती, पण पुढच्या धड्याची ती रंगीत तालीम होती.

इथं मला घोडदळ आठवतं. 1938 मध्ये सिंद हॉर्स या पलटणीनं घोडे सोडून यांत्रिक वाहनं घेतली. नंतर बाकीच्यांची पाळी आली. आपल्या पूना हॉर्सचं नाव आजही तेच आहे, पण खाली घोडा नाही, रणगाडा आहे. घोडे सोडताना अनेक स्वारांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. पण पलटणीचं काम घोडा पाळणं नव्हतं; वेगानं जाऊन शत्रूवर तुटून पडणं हे तिचं काम होतं. कंपनीची गफलत नेमकी इथं झाली. ती घोड्यालाच पलटण समजून बसली.

मग डिजिटल युग आलं. ऑडिओ सीडीत पंधराएक गाणी मावायची. एमपीथ्रीमुळे तेवढ्याच चकतीत सव्वाशे-दीडशे मावू लागली आणि फुटपाथवर त्यांचे ढीग लागले. 1999 मध्ये अमेरिकेत नॅपस्टर सुरू झालं आणि गाणं फुकट मिळतं ही सवय जगाला लागली. 2000 मध्ये आपल्या कंपनीनं नाव बदललं, सारेगामा. पण पाटी बदलली म्हणून रसद बदलत नाही. तिनं हमारासीडी नावाची वेबसाइट काढली. आवडीची गाणी निवडा, सीडी घरी येईल. म्हणजे ऑर्डर इंटरनेटवरून आणि माल पुन्हा चकतीतूनच! एक पाय रिकिबीत, दुसरा रणगाड्यावर. पुढे मोबाइलच्या रिंगटोन आणि कॉलर ट्यूननी थोडा आधार दिला, तरी घराघरांतलं ऐकणं हातातून निसटत होतं.

आता थोडं घरचं. 2016 मध्ये मी आईला स्मार्टफोन घेऊन दिला आणि गाण्यांचं अ‍ॅप घालून दिलं. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. तिचं बोट भलतीकडे पडायचं, गाणं बंद व्हायचं, जाहिरात लागायची. चौथ्यांदा दाखवताना माझा आवाज परेड ग्राउंडवरचा झाला. ती म्हणाली, "राहू दे रे बाळा, मला काही ऐकायचं नाही." फोन कपाटात गेला. ज्या बाईनं स्वयंपाक करताना मला अख्खं नाट्यसंगीत ऐकवलं, तिचं गाणं माझ्या अधीरपणामुळे बंद पडलं. ते मला आजही टोचतं.

2017 मध्ये सारेगामानं कारवां काढला. जुन्या ट्रान्झिस्टरसारखी पेटी, आत पाच हजार गाणी, गायक निवडायला गोल बटण, इंटरनेटची गरज नाही. मोबाइलवर सगळं फुकट मिळत असताना सहा हजाराच्या आसपासची ही पेटी कोण घेणार, असं मलाही वाटलं होतं. घेणारे निघाले, तेही लाखांनी. कारण कंपनीनं प्रथमच यंत्र बाजूला ठेवून ऐकणाऱ्याकडे पाहिलं. ज्येष्ठांना गाणी हवी होती, पण ती शोधायची दगदग नको होती. पेटी आतून पूर्ण डिजिटल, पण आईला त्याचा पत्ताही लागला नाही. तिनं बटण फिरवलं, ओळखीचा आवाज आला आणि ती भाजी निवडत बसली. आवाज मात्र कुकरच्या शिट्टीवर मात करेल इतका मोठा!

लढाई संपली असं समजू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं चालतो. 1964 च्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क 2024 अखेर संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात. पण ज्या सुवर्णकाळावर कंपनी उभी आहे, त्याचा एकेक वर्षाचा तुकडा दर 1 जानेवारीला सगळ्यांसाठी मोकळा होत आहे. मालकी संपेल, गाणं नीट जपणं आणि माणसापर्यंत पोहोचवणं हे काम उरेल. माझ्या मते खरं काम पहिल्यापासून तेच होतं.

तुमच्या घरी, बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला, कपाटात ठेवून दिलेला असा एखादा फोन असेल, तर आज संध्याकाळी तो बाहेर काढा. गाणं तुम्ही स्वतः लावून द्या. आणि शिकवायला बसलात, तर आवाज खाली ठेवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.