३२ किलोमीटर कुणाचे? लांब पल्ल्याच्या सरावाचा इतिहास

आजचा विषय धावण्याचा आहे, पण शर्यतीचा नाही. शर्यतीच्या आधीच्या महिन्यांत, कुणी बघत नसताना जे धावणं होतं, त्याच्या इतिहासाबद्दल आज बोलू.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिची तयारी करणारी मंडळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रविवारी पहाटे घराबाहेर पडतात आणि त्यांच्या बोलण्यात एक आकडा हमखास येतो: ३२. शर्यतीआधी एकदा तरी ३२ किलोमीटरचा लाँग रन झालाच पाहिजे. आता ३२च का? ३० का नाही, ३५ का नाही? म्हणजे बघा, ३२ किलोमीटर म्हणजे २० मैल. मैलात मोजणाऱ्यांसाठी २० हा गोल आकडा. तो आपल्याकडे किलोमीटर होऊन आला, एवढंच. शरीराला मैलही कळत नाही आणि किलोमीटरही. मग सरावाची मर्यादा मोजायची कशात? या प्रश्नाला गेल्या शतकात निरनिराळी उत्तरं मिळाली. प्रत्येक उत्तर कुणासाठी शोधलं गेलं, हे पाहिलं की बराच गोंधळ कमी होतो.

सुरुवात जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासून करू. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयाचे डॉक्टर हर्बर्ट रायंडेल यांनी मर्यादा मोजली नाडीच्या ठोक्यांत. धावपटूनं थोडं अंतर जोरात धावायचं, ठोके मिनिटाला १८०च्या आसपास न्यायचे, मग थांबून ते १२०वर येऊ द्यायचे आणि पुन्हा धावायचं. ठोके दीड मिनिटात खाली आले नाहीत, तर काम जास्त झालं असं समजायचं. यालाच आपण इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतो. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विश्वविक्रम १६ वर्षं टिकला.

याच विचाराचं टोक गाठलं चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं. तो ४०० मीटरच्या फेऱ्या मारायचा. आधी २०, पुढे ४०, कधी त्याहूनही जास्त. मधल्या विश्रांतीतही तो हळूहळू पळतच असे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदकं त्यानं जिंकली, आणि ती मॅरेथॉन त्याच्या आयुष्यातली पहिली होती! छोट्या तुकड्यांच्या सरावातून लांब पल्ला गाठता येतो, हे जगानं पाहिलं. पण एक गोष्ट विसरू नका. ४०च्या जागी ६० फेऱ्या मारायच्या की नाही, हे झाटोपेक स्वतःच ठरवत होता, आपल्याच शरीराचा अंदाज घेऊन.

त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या एका जोड्यांच्या कारखान्यात आर्थर लिडियार्ड नावाचा कामगार होता. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या मित्राबरोबर पाच मैल धावताना त्याची दमछाक झाली आणि आपण किती कमकुवत आहोत हे त्याला कळलं. मग त्यानं स्वतःवरच प्रयोग केले. कधी अगदी थोडं धावला, कधी अतोनात. शेवटी तो आठवड्याला १०० मैलांवर स्थिरावला. त्यात रविवारची एक मोठी फेरी होती, वायटाकेरेच्या डोंगरातून जाणारी, २२ मैलांची. या २२ मैलांमागे कुठलंही सूत्र नव्हतं. तो रस्ताच तेवढा होता!

या वाटेवर त्यानं आसपासच्या पोरांना पळवलं. २ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये तासाभराच्या आत पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गनं ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. बॅरी मॅगीला मॅरेथॉनचं कांस्य मिळालं. जेमतेम पावणेदोन मिनिटं चालणाऱ्या शर्यतीसाठी दोन तासांहून अधिक धावायचं, ही कल्पना त्या काळी अनेकांना वेडेपणाची वाटली. रोमनंतर तीच कल्पना जगभर पसरली.

पसरताना काय झालं? १०० मैल आणि २२ मैल हे आकडे सगळीकडे पोचले. त्याबरोबरची 'जोर लावू नका, दमानं धावा' ही शिकवण वाटेत मागे पडली. १०० चांगले तर १५० आणखी चांगले, असंही काहींना वाटू लागलं. ऑस्ट्रेलियाचा डेरेक क्लेटन आठवड्याला १५० मैल आणि त्याहूनही जास्त धावला, तेही वेगात. १९६७मध्ये फुकुओकाला २ तास १० मिनिटांच्या आत मॅरेथॉन संपवणारा तो पहिला माणूस ठरला. त्याच्या शरीरावर एकामागून एक शस्त्रक्रियाही झाल्या. विक्रम खरा आणि त्याची किंमतही खरी.

आता मर्यादेची दुसरी बाजू. काही मर्यादा शरीर घालतं, तर काही मर्यादा समिती घालते. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर त्या कोसळल्याच्या रंगवलेल्या बातम्या छापून आल्या आणि ती शर्यत १९६०पर्यंत बंद राहिली. त्या मर्यादेमागे मोजमाप असं काहीच नव्हतं. वाल्डनील या जर्मन गावातले डॉक्टर एर्न्स्ट फान आकेन यांनी नेमका उलटा मुद्दा मांडला. बराच वेळ, सावकाश, दम न लागता धावणं हाच सरावाचा पाया, आणि अशा धावण्यात स्त्रिया कुठेच कमी नाहीत. १९६७मध्ये त्याच गावात आनी पेडे-एर्डकाम्प ३ तास ७ मिनिटांत मॅरेथॉन धावली. ती तेव्हाची स्त्रियांची जगातली सर्वोत्तम वेळ होती. १९७३मध्ये तिथे खास स्त्रियांसाठी मॅरेथॉन भरली. ऑलिंपिकला मात्र त्यासाठी १९८४ उजाडावं लागलं.

यानंतर मॅरेथॉन सामान्य माणसाची झाली आणि प्रश्नही बदलला. इथे थोडं गणित करू. किलोमीटरला ४ मिनिटं लावणारा धावपटू ३२ किलोमीटर २ तास ८ मिनिटांत संपवतो. साडेसात मिनिटं लावणाऱ्याला बरोबर ४ तास लागतात. वहीत दोघांचीही नोंद एकच, '३२'. पायांनी केलेलं काम मात्र सारखं नाही. म्हणून अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी मर्यादा घड्याळावर आणली: लाँग रन अडीच तासांच्या आत, आणि आठवड्याच्या एकूण अंतराच्या पाव ते तीस टक्क्यांपर्यंतच. मिशिगनच्या कीथ आणि केविन हॅन्सन या भावांच्या मॅरेथॉन योजनेत तर सगळ्यात लांब धाव साधारण १६ मैलांची, म्हणजे २६ किलोमीटरची असते. त्यांचं म्हणणं असं, की आठवडाभराच्या सरावानं आधीच थकलेल्या पायांनी हे २६ धावायचे. म्हणजे शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याचीच ती तालीम होते.

यावर आक्षेप आहेच, आणि तो रास्त आहे. ज्याला शर्यत संपवायला साडेपाच तास लागणार, तो सरावात कधीच अडीच तासांपुढे गेला नाही, तर पुढचे तीन तास त्याला अनोळखीच राहणार. पाणी, खाणं, मनाचा कंटाळा, हे कुठे शिकायचं? उलट बाजू सांगते, की चार-चार तास धावून पायांना इतकी इजा होते, की पुढचा आठवडा लंगडण्यात जातो आणि मग सराव होतो तो फक्त रविवारी. दोन्ही म्हणणी अनुभवातून आलेली आहेत.

मग निवड कशी करायची? पुन्हा लिडियार्डकडे बघू. त्याचे २२ मैल म्हणजे आठवड्याच्या १०० मैलांतले २२. पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त. आपल्याकडे नोकरी, लोकलचा प्रवास, घर सांभाळून आठवड्याला ५० किलोमीटर धावणारा माणूस रविवारी ३२ धावतो, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश भार एकाच सकाळी उचलतो. लिडियार्डचं अनुकरण करतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात लिडियार्डनं असं कधी केलंच नव्हतं.

तेव्हा कुणी आकडा सांगितला, की तीन प्रश्न विचारायला हवेत. हा आकडा किती वेगानं धावणाऱ्यासाठी होता? त्याच्या उरलेल्या सहा दिवसांत काय होतं? आणि थांबायचं कधी, हे कोण ठरवत होतं? आपण ज्यांची नावं घेतली, त्यातल्या प्रत्येकानं आपली मर्यादा मोजून, चुकून, पुन्हा मोजून शोधली. त्यांच्याकडून घ्यायची ती मोजण्याची सवय. ती लागली, तर एखाद्याची मर्यादा ३२ निघेल, एखाद्याची २२, आणि दोघंही शर्यतीच्या दिवशी धडधाकट पायांनी उभे राहतील.