नोकरी गेलेला शिकारी

मेव्हण्याने मिरजेकडच्या खेड्यातून कारवानी कुत्र्याचं पिल्लू आणून आमच्या ब्लॉकमध्ये सोडलं. वर्षभरात बाजी कमरेएवढा झाला, पण बरगड्या अजून मोजून घ्याव्यात. "अहो, शेजारी म्हणतील, आपण याला खायला घालत नाही," सौ.ची तक्रार.

पण घराणं मोठं! मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, एक जोडी पाचव्या जॉर्ज बादशहांना नजर केली. म्हणून हिला 'मुधोळ हाउंड' म्हणतात. २००५ साली हा गडी पोस्टाच्या तिकिटावरही झळकला.

खेड्यात मात्र त्याची पत सशांवर ठरे. हा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा. ससा दिसला की सुटलाच! पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले. ससे वाचले, याची नोकरी गेली.

आम्हाला वाटलं, हा घर डोक्यावर घेणार. कसलं काय! सकाळी मैदानावर वाऱ्यासारख्या चार फेऱ्या, मग दिवसभर सोफ्यावर. "अगदी तुमच्यावर गेलाय," इति सौ.

खोटं कशाला बोला? माझं लेजर कॉम्प्युटरने नेलं, तरी आकड्यांची उभी रांग दिसली की बोटं आपोआप बेरीज करू लागतात.

परवा मैदानावर प्लास्टिकची पिशवी उडाली. बाजीने कान टवकारले आणि क्षणात ती माझ्या पायाशी आणून ठेवली. मी "शाबास" म्हटलं, आणि पिशवी नीट घडी करून खिशात ठेवली.