कारवारच्या समुद्रातील पिढीजात रहिवासी

अरबैल घाट उतरून कारवारास जाणारे आम्ही धारवाडकर काळी नदीच्या मुखाशी डॉल्फिन पाहूनच तृप्त होतो. देवमाशाची आस सहसा कोणी धरीत नाही. इतरत्रचे कुबडे देवमासे ऋतुमानानुसार ध्रुवप्रदेशाकडे जातात. अरबी समुद्रातले मात्र येथलेच पिढीजात रहिवासी. १९६५-६६ साली सोव्हिएत जहाजांनी त्यांपैकी २४२ मारिले, बहुतेक एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये. हिशेब दडपला गेला. १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांचे अभयक्षेत्र ठरला, तेव्हाही जगास ही कत्तल ठाऊक नव्हती. आकडे १९९७ साली प्रसिद्ध झाले. बाहेरून नवी कुळे येत नसल्याने ती तूट अद्याप भरलेली नाही. तरी २०१७ साली ओमानजवळ उपग्रहयंत्र लाविलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून आपल्या देशाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली.