मोठेबाबा आणि १९६८ ची रॅली
आमचे मोठेबाबा सौंसरचे, पण १९६८ साली इंदूरला ट्रक दुरुस्त करायचे. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. दिल्लीहून आग्रा-इंदूरमार्गे मुंबई, तिथून चुसान जहाजाने ऑस्ट्रेलिया. पुढे नलारबोरचं उजाड माळरान, ना झाड ना सावली. त्यापुढे पांढुर्ण्याचा मे महिना बरा म्हणायचा बाप्पा!

शेवटच्या दिवशी लुसियाँ बियांकीची सिट्रोएन सगळ्यांच्या पुढे होती. सिडनी शंभरेक मैलांवर असताना समोरून मिनी येऊन धडकली. बियांकी जबर जखमी झाला. मागून आलेला पॅडी हॉपकर्क शर्यत सोडून मदतीला थांबला. जिंकला अँड्र्यू कोवन, साध्या हिलमन हंटरमध्ये. हॉपकर्क दुसरा आला. मोठेबाबा मात्र कोवनचं नाव कधी घेत नसत, हॉपकर्कचंच घेत.